ओले पाकीट

सदूच्या हातातला पाण्याचा पेला टेबलाच्या कडेला थटला आणि लवंडला. पाण्याचा एक ओघळ कागदांच्या गठ्ठ्याला वळसा घालून नेमका एका तपकिरी पाकिटाखाली शिरला. घडले ते एवढेच. पण विमला ज्या वेगाने खुर्चीवरून उठली तो पाहून सदू दोन पावले मागे सरला. "पाणीच हाय बाई, चाय नाय," तो म्हणाला. वनस्पतिशास्त्राच्या त्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षे शिपाई म्हणून काढलेल्या सदूला बाई कुठल्या सांडण्यावर रागावतात आणि कुठल्या नाही, हे पाठ होते. आज त्याचा अंदाज चुकला. विमला रागावली नव्हती. तिने पाकीट उचलले तेव्हा त्याचा खालचा अर्धा भाग भिजून काळवंडला होता आणि त्यावरची शाई, तिच्याच तेव्हाच्या टोकदार अक्षरातली, हळूहळू पसरत होती. क्रमांक एकोणीस. आंबेकोंड, झऱ्यावरचा कातळकडा. ऑगस्ट एकाहत्तर. म्हणजे पंधरा वर्षे झाली. घडी उघडून तिने आतले शेवाळ काचेच्या बशीत ओतले. चहाच्या वाळलेल्या चोथ्यासारखा भुगा होता तो. टेबल पुसायला फडके घेऊन ती वळली, तोवर बशीत भुगा राहिला नव्हता. प्रत्येक काडी सरळ झाली होती, काडीला चिकटून बसलेली पाने एकेक करून बाहेर कलली होती, आणि तपकिरी रंगाच्या आतून, कोणीतरी काच पुसावी तसा, हिरवा रंग वर येत होता. अगदी त्या ऑगस्टमधला हिरवा. तिला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तिला वाटले ते असे, की पंधरा वर्षे बंद असलेल्या कपाटातून कोणीतरी आपल्याकडे बघत होते आणि आपल्याला ते आज कळले.

"जित्ता झाला वाटतं," सदू वाकून म्हणाला. "तसं म्हणता येत नाही," ती पटकन म्हणाली, वर्गात म्हणावे तशी. मेलेली पेशीही पाणी शोषते. सुका बोंबील भिजत घातला की तोही फुगतो, म्हणून त्याला कोणी जिवंत म्हणत नाही. नवा कोंब दिसला तरच खरे, आणि त्याला आठवडे लागतील, कदाचित महिने. तिच्याकडे मात्र सोमवारपर्यंतचा वेळ होता, आणि आज शनिवार. टेबलाच्या कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यावर तो फुलस्केप कागद होता. मधोमध पट्टीने ओढलेली उभी रेघ. डाव्या बाजूला तिचे शेवाळ, उजव्या बाजूला देवगांडूळ, नावाने गांडूळ पण बेडकासारखा उभयचर. आंबेकोंडाला, म्हणजे तिच्याच माहेरच्या गावाला, नळाचे पाणी मिळणार होते. झऱ्याचे पाणी अडवायला जागा दोनच. एक वर, जिथे पाणी कातळातून पाझरते तिथे, कड्यावरच सिमेंटची पेटी बांधून. दुसरी खाली, जिथे ते पाणी पाणथळीत साठते तिथे, विहीर खणून. वर बांधले तर कड्यावरचे शेवाळ जाईल, खाली खणले तर चिखलातला तो प्राणी. इंजिनिअर लोकांना दोन्ही जागा सारख्याच होत्या. पण जिल्ह्याच्या समितीतल्या कोणा सज्जनाने विमलाचा जुना निबंध वाचला होता, आणि त्यामुळे तिला पत्र आले होते: सदर ठिकाणच्या दुर्मिळ वनस्पतीचा व प्राण्याचा तुलनात्मक तक्ता सादर करावा आणि दोहोंपैकी कोणत्या एकाचे रक्षण अग्रक्रमाने व्हावे ते नमूद करावे. कोणत्या एकाचे. त्या दोन शब्दांवर ती गेले चार दिवस अडखळत होती.

डावी बाजू भरायला तिला दहा मिनिटेसुद्धा लागली नव्हती. आढळ: जगात इतरत्र नोंद नाही. विस्तार: अंदाजे दोन तळहात. अस्तित्वाचा पुरावा: नमुना क्रमांक एक ते त्रेचाळीस. घटीचे कारण: वृक्षतोड व गुरांचा वावर. उजव्या बाजूला आढळ लिहिता आला, विस्तार ढोबळमानाने लिहिता आला, आणि मग तिसरा रकाना आला तो कोराच राहिला. देवगांडुळाचा एकही नमुना कोणाकडे नव्हता. कोकणात त्याच्या इतर जाती मिळतात, त्या बरण्यांमधून ठेवलेल्याही आहेत; पण आंबेकोंडाच्या पाणथळीतला, अंगाच्या दोन्ही बाजूंना पिवळी रेघ असलेला आणि शेपटीकडे ती रेघ तुटणारा, तो वेगळा आहे असे एकच माणूस म्हणत आला होता. प्राणिशास्त्राचे शिवलकर सर. वीस वर्षांच्या वह्यांमध्ये त्यांनी तो एकशे बारा वेळा पाहिल्याची नोंद होती: तारीख, वेळ, चिखलाची खोली, पावसाचा अंदाज. आणि बरणी मात्र एकही नव्हती. स्टाफरूममध्ये त्याला 'शिवलकरांचा अदृश्य प्राणी' म्हणत. सर हसत. दार्जिलिंगकडे तरुणपणी त्यांनी एकदा सॅलमँडर पाहिला होता, ते वर्गात सांगत, चार पायांचा, ऐटीत चालणारा, आणि मग खडू खाली ठेवून म्हणत, "आपल्याकडे त्याचा गरीब चुलतभाऊ आहे. पाय नाहीत, डोळे कातडीखाली, दिसला की लोक साप म्हणून ठेचतात. पण घराणं तेच, बरं का." मुले हसत. त्या हसण्यात विमलाही कधी काळी होती.

कॉलेज सुटल्यावर ती मांडवीला, शिवलकर सरांच्या घराकडे, चालू लागली. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पुन्हा पाण्यात होत्या, आणि रस्ताभर ओल्या जाळ्यांचा वास होता. तिला वाटले, सर वहीतला एखादा विसरलेला कागद काढून देतील, मुंबईच्या कुठल्या संग्रहालयाला कधी काळी पाठवलेल्या नमुन्याची पोच. आणि लगेच तिला जाणवले की आपल्याला ते मिळायला नको आहे. कोरा रकाना सोयीचा होता. कोऱ्या रकान्यामुळे निकाल आपोआप डावीकडे झुकत होता, तिच्याकडे, आणि त्यात तिचा हात कुठे दिसत नव्हता. ती थांबली. मग, थांबण्यालाही काही अर्थ नाही असे वाटून, पुन्हा चालू लागली.

सरांच्या पत्नी, गुणवंतीबाई, पडवीत कोळंबी सोलत होत्या. "ये गो. बस. हात माखलेत माझे," त्या म्हणाल्या. "सर कसे आहेत?" "विचार की त्यांनाच. उत्तर ठरलेलं आहे." शिमग्यात झटका आला तेव्हापासून शिवलकर सरांची उजवी बाजू गेली होती आणि वाचा जाऊन एकच शब्द उरला होता. आरामखुर्चीत ते समुद्राकडे तोंड करून बसले होते. विमलाला पाहून डावा हात उचलला गेला. "आहे," ते म्हणाले. "दिवसभर हेच," गुणवंतीबाई कोळंबीचे डोके मोडत म्हणाल्या. "भात वाढू का, आहे. पुरे का, आहे. अडतीस वर्षांच्या संसारात एका शब्दावर कधी भागलं नाही या माणसाचं, आता बघ." सरांच्या चेहऱ्याची चालती बाजू हसली. विमलाने स्टूल ओढून कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हळूहळू, शब्द तोडून सांगितले. वर की खाली. एकच. सोमवारपर्यंत. "पुरावा मागतात सर. वह्या चालणार नाहीत. एक नमुना लागेल, बरणीतला. एकच. मी उद्या गावी जातेच आहे." सर तिच्याकडे बघत राहिले. "आहे," ते म्हणाले. "आहे हे मला ठाऊक आहे सर. त्यांना दाखवायला हवा." "आहे!" डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. कागद खाली पडला. गुणवंतीबाई उठल्या, पदराला हात पुसून तो उचलला, आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "एकदा आणलान् होतान् घरी, डब्यात माती घालून. मला म्हणे, ये बघायला. बघितला मी, शिसारी आली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत एस.टी.त. म्हटलं, एवढा आणलात तर ठेवा ना बरणीत, नाव होईल. तर म्हणे, बघितलास ना? झालं तर मग." त्या आत गेल्या. विमला उठली तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी होते; पण झटका आल्यापासून ते कशानेही येत असे, म्हणून त्याचा काय अर्थ लावायचा ते तिला कळेना.

रविवारी सकाळच्या एस.टी.त तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत प्राणिशास्त्र विभागातून मागून आणलेली रुंद तोंडाची बरणी, निम्मी फॉर्मॅलिनने भरलेली. झाकण घट्ट होते, तरी वळणावळणावर तिला तो वास आल्यासारखा वाटत होता. हातखंब्याच्या पुढे सडा, कातळाचे उघडे पठार, लागला; कातळावर जिथे मातीचा तळहातभर थर होता तिथे गवत, तेरडा, निळी जांभळी फुले, आणि मध्येच चिरेखाणीचे चौकोनी लाल खड्डे. एखाद्याने वडीच्या ताटातून नेमक्या वड्या काढून घ्याव्यात तसे ते खड्डे दिसत. ती बघत राहिली, आणि कसलाही विचार करायचा नाही असे ठरवलेले असताना तिच्या मनात एक हिशेब सुरू झाला. सत्तर साली ती पहिल्यांदा सुरी घेऊन कड्यापाशी गेली तेव्हा हिरवा पट्टा केवढा होता? घराच्या दाराएवढा. हे तिने कधी लिहून ठेवले नव्हते, कारण तेव्हा तो संपू शकतो हे तिच्या मनातच आले नव्हते. लहानपणी आईबरोबर पाण्याला जायची तेव्हा त्या पट्ट्याला गाल लावून ती उभी राहायची, आई म्हणायची, "चिकटलीस काय त्येला?" म्हणजे तेव्हाही तो तिच्या उंचीहून मोठाच होता. मग प्रबंधाची पाच वर्षे आणि नंतरचीही काही. दर ऑगस्टला पाचसात मुठी, कधी पंधरा. त्रेचाळीस पाकिटे कपाटात. तेवढीच, किंवा थोडी जास्त, निरनिराळ्या विद्यापीठांना भेट पाठवलेली, कारण तिकडून सुंदर इंग्रजीत आभाराची पत्रे येत. मूठ म्हणजे किती? तिने पिशवीवरचा हात उघडला आणि मिटला. एक तळहात कातळ. नव्वद मुठी म्हणजे नव्वद तळहात. आणि नव्वद तळहात एकाखाली एक, एकाशेजारी एक मांडले तर होते ते दारच होते. एस.टी. धक्का देऊन थांबली. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने विचारले, "बाय, बरं नाय काय?" "नाही, बरं आहे," ती म्हणाली. वृक्षतोड व गुरांचा वावर. त्या कड्यावर गुरे चढूच शकत नाहीत.

आणि मग तिला सरांचे ते वाक्य आठवले, जे तिने इतकी वर्षे साधे म्हणून बाजूला ठेवले होते. एकाहत्तरचाच ऑगस्ट असेल. ती वर, पदर खोचून, सुरीने शेवाळाची साय कडेने सोडवत होती. खाली पाणथळीत शिवलकर सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उकिडवे बसले होते, तास दीड तास, एका जागी. तिने पाकीट बंद केल्यावर त्यांनी मान वर केली, कड्याकडे पाहिले आणि म्हणाले, "लाल दिसायला लागलं गो." तिला वाटले होते, ते कातळाच्या रंगाचे कौतुक करत आहेत.

तिचा थोरला भाऊ भागोजी फाट्यावर उभा होता. गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा उघडली नाही, तेव्हा तीन वर्षांमागे तो परळची खोली सोडून गावी आला होता, आणि गावात आल्यापासून त्याने एकच गोष्ट मनावर घेतली होती: नळ. चालता चालता तो बोलत होता. "सोमवारी तुझा कागद नाय गेला तर योजना पल्याडच्या कोंडाला जातेय, साहेबान सांगितलान. वर बांधा नायतर खाली बांधा, आमाला काय? पण तुझं शेवाळ एकीकडं, सरांचा त्यो गांडूळ एकीकडं, आनि मधी आमची राही डोक्यावर हंडा घेऊन उभी. तिची मान बग जरा." राही, त्याची बायको, दारातच होती. "माज्या मानंचं कशाला सांगता? तुमच्या जिभंचं सांगा," ती म्हणाली, आणि नणंदेच्या हातातली पिशवी घेऊ लागली. "ती राहू दे वहिनी," विमला एवढ्या घाईने म्हणाली की राहीने हात मागे घेतला. "काय हाय त्यात? खाऊ?" "औषध आहे." चहा तिने उभ्यानेच घेतला.

झऱ्याकडची वाट देवरहाटीतून, देवाच्या नावाने राखलेल्या रानातून, होती. पाऊस उघडला होता, पण झाडांवरून पाणी टिपकत होते. कड्यासमोर विमला उभी राहिली. वर्षातून एकदा ती इथे येई आणि दर वेळी तिचे डोळे फक्त हिरव्यावर जात; आज प्रथमच तिने लाल पाहिले. हिरवे तुकडे दोन, तळहाताएवढे, वरच्या कपारीत, जिथे तिचा हात पोचत नसे. तिचा हात पोचत नसे म्हणून ते उरले होते. बाकी सारा कातळ, तिच्या कपाळापासून गुडघ्यांपर्यंत, ओला, लाल, उघडा. "काय बघतेस?" भागोजीने विचारले. "इथं पूर्वी सगळं हिरवं होतं, आठवतं?" "व्हतं की. तू न्यायचीस ना," तो सहज म्हणाला. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. पोरे रानातली जांभळे खातात म्हणावे, तसे. गावाला हे कायम ठाऊक होते, आणि कोणी तिला सांगितले नव्हते, कारण तिला ते ठाऊक नसेल असे कोणाला वाटलेच नव्हते.

खाली पाणथळीच्या कडेला भागोजीने कुदळ उचलली. "कुदळ नको, तुकडे होतील," ती म्हणाली. "हातांनी." दोघे उकिडवे बसले. काळी, भुसभुशीत माती, कुजलेली पाने, गारवा. अर्धा तास काही नाही. तिच्या मनात दोन इच्छा एकमेकींना ढकलत होत्या: सापडू दे, नको सापडू दे. एका सपाट चिऱ्याच्या तुकड्याखाली भागोजीने बोटे घातली, तो उलटवला आणि म्हणाला, "आयला." खळगीत ते होते. पावसाळी निळसर काळे, ओल्या रबरासारखे, वळ्यावळ्यांचे अंग. बाजूने पिवळी रेघ, आणि शेपटीकडे, सरांनी वहीत काढली होती अगदी तशी, तुटलेली. अंगाचे वेटोळे होते आणि वेटोळ्याच्या आत भिजवलेल्या साबुदाण्याहून मोठी, धाग्याने जोडल्यासारखी अंडी. पंधरावीस असतील. "पळत नाय," भागोजी पुटपुटला. ते पळाले नाही. उजेड लागताच त्याने अंग आवळले. वेटोळे लहान झाले, अंडी दिसेनाशी झाली, आणि कातडीखालचे डोळ्याचे दोन ठिपके कुठेच न बघता वर राहिले.

बरणी तिने केव्हा बाहेर काढली आणि झाकण केव्हा फिरवले हे तिला आठवेना. तो वास आला, आणि वासाबरोबर डोळ्यांत पाणी. काम दोन मिनिटांचे होते. तिसरा रकाना भरला असता, सरांचे वीस वर्षांचे म्हणणे खरे ठरले असते, एकशे बारा नोंदींना एक शरीर मिळाले असते. आणि हे शरीर बरणीत पूर्ण दिसले असते, पिवळी रेघ, वळ्या, ठिपके, सारे जसेच्या तसे. फक्त त्यावर कोणी कितीही पाणी ओतले तरी काही उघडणार नव्हते. "टाक ना बाय, बरणी उघडीच हाय," भागोजी म्हणाला. तिचा हात खाली गेला. प्राण्याने पुन्हा अंग आवळले. आवळणे एवढे लहान होते की वहीत त्याची नोंद कशी करायची हे सरांनासुद्धा सुचले नसते. आणि विमलाला वाटले, शेवाळाने हे कधी केले नाही. नव्वद वेळा सुरी फिरली आणि एकदाही काही आवळले गेले नाही. साय सुटावी तसे ते सुटून हातात आले, आणि ज्याने हिसका दिला नाही त्याने दिलेच, असे आपण धरून चाललो. तिने झाकण लावले. चिऱ्याचा तुकडा दोन्ही हातांनी उचलला, आणि होता तसा, त्याची मातीत उमटलेली कड जुळवून, खाली ठेवला. "घेतलास नाय?" "नाही." "मंग आलीस कशाला एवढी?" "बघायला," ती म्हणाली, आणि तो शब्द कोणाचा आहे हे तिच्या नंतर लक्षात आले.

निर्णय झाला होता का? वर चढताना ती स्वतःला समजावत होती. शेवाळ थांबू शकते. पाकिटात, अंधारात, पंधरा वर्षे. प्राणी थांबू शकत नाही. म्हणून खालची पाणथळ राखायची आणि पेटी वर बांधायची. तर्क स्वच्छ होता. पण हे त्या बशीतल्या हिरव्यावर उभे होते, आणि ते हिरवे जिवंत आहे की नुसते फुगलेले, हे तिला माहीत नव्हते. शिवाय तर्काच्या तळाशी काहीतरी टोचत होते: जे आवळत नाही त्याच्यावरच पुन्हा एकदा सुरी फिरते आहे, फक्त या खेपेला सिमेंटची.

झऱ्याच्या वरच्या अंगाला देवाचे पाषाण होते. दाजी गुरव तिथे पूजा आटोपून बसला होता, सत्तरीचा, उघडाबंब, कानाला विडी. आज गाव कौल घेणार होता, हे भागोजीने सांगितले होते. चार मानकरी छत्र्या टेकून उभेही होते. "काय गो विमल, कागद काय म्हनतोय तुजा?" दाजीने विचारले. "देव काय म्हणतो दाजी?" "देवाला अजून इचारला नाय. तुज्या कागदासाठी थांबलोय." "मी देवासाठी थांबले होते." दाजी खो खो हसला. "म्हंजे तो तुज्या तोंडाकडं बगतोय नि तू त्येच्या. असं कसं जमायचं गो? कोनतरी आदी बोलाया हवं ना? देव आपनहून बोलत नाय. हो का नाय तेवढंच सांगतो. इचारायचं काय, ते मानसानंच ठरवायचं." विमलाने कड्याकडे पाहिले नाही. "वर बांधायचं," ती म्हणाली. "खालची पाणथळ राखायची. वाफासुद्धा करायचा नाही तिथं." "आनि तुजं शेवाळ?" "आहे माझ्याकडे." तो शब्द तोंडातून बाहेर पडताच मांडवीच्या पडवीतला, दांड्यावर आपटणारा हात तिला ऐकू आला.

दाजीने पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले. उजवी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नाही. पाणी टिपकत होते. भागोजी हात जोडून उभा होता. त्याच्या बोटांच्या पेरांवर पाणथळीची काळी माती तशीच होती. विमला पाकळ्यांकडे बघत होती, पेशी, पाणी, पृष्ठताण, सारे ठाऊक असलेली बाई. आणि तिच्या ध्यानात आले की ती डाव्या पाकळीकडे बघते आहे, मनात पड म्हणते आहे. तिला 'नाही' हेच उत्तर हवे होते. कोणीतरी तिचे म्हणणे खोडून काढावे, शेवाळाच्या वतीने कोणीतरी एकदा हिसका द्यावा. उजवी पाकळी थरथरली, ओघळली आणि पडली. "झाला," दाजी म्हणाला. भागोजीने डोळे पुसले. परतताना त्याने तिला पऱ्याच्या, झऱ्यातून निघणाऱ्या ओहोळाच्या, वळणावर नेले. तिथे एक आडवा कातळ होता, सावलीत, कायम ओला. "पेटी बांधली तरी जादाचं पानी हिकडंच येनार," तो म्हणाला. "तुला रुजवायचं आसंल तर हितं बग. मी राखीन." तो कातळ लाल होता, आणि त्यावर काहीच नव्हते.

सोमवारी ती सदूच्या आधी प्रयोगशाळेत पोचली. बशीतले शेवाळ अजून हिरवे होते. एका काडीच्या टोकाशी फिकट काहीतरी दिसल्यासारखे वाटले, भिंगाखाली पाहिले तर तो पाण्याचा बुडबुडा निघाला. तिने नवा फुलस्केप घेतला आणि मधोमध रेघ ओढली. उजवीकडे, पुराव्याच्या रकान्यात, तिने लिहिले: नमुना नाही. महिपत शिवलकर यांनी वीस वर्षांत एकशे बारा वेळा पाहिला. मी एकदा पाहिला, अंड्यांसह. समितीने यावे व पाहावे, काढू नये. डावीकडे, घटीच्या कारणापाशी, पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिले, शाईचा ठिपका झाला. मग तिने लिहिले: अभ्यासासाठी नमुने गोळा करणे. आणि खाली, जिथे कोणी विचारले नव्हते, तिथे गोळा करणाऱ्याचे नाव, पूर्ण, पदवीसकट. अग्रक्रम: उजवा. सही. पाकीट बंद करून तिने सदूला हाक मारली. "हे समितीच्या साहेबांच्या ऑफिसात. हातोहात. पण आधी तो पत्र्याचा ट्रे दे, आणि एक पेला पाणी."

कपाटातून तिने सारी पाकिटे काढली. बेचाळीस. क्रमाने मांडली, आणि त्रेचाळीसपासून उलटी उघडत निघाली. भुगा ट्रेमध्ये पडत होता, निरनिराळ्या वर्षांचे ऑगस्ट एकमेकांत मिसळत होते. सदू पेला धरून उभा होता. "ह्येच्यावरच तुमची डॉक्टरकी ना बाई?" "हो." "मंग उद्या कोनी दाखवा म्हनाला तर?" तिने पुढचे पाकीट उघडले. "त्या दिवशी सांडलं तर केवढ्यानं उठलात," सदू म्हणाला. "आता मुद्दाम सांडायचं?" "मुद्दाम. सगळीकडे लागू दे. जगेल ते गावच्या कातळावर रुजवायचंय." त्याने पेला कलता केला. भुगा काळा पडला, हलला. कुठे हलला, कुठे नुसता तरंगला. शेवटी तिच्या हातात एक पाकीट उरले. क्रमांक एक. या जातीचे जगातले पहिले पाकीट, ज्याच्यामुळे तिला नाव मिळाले होते. हे एवढे ठेवून द्यावे असे कोणीही म्हणाले असते, आणि कोणी चूक ठरले नसते. तीही ते ठेवणारच होती. पाकीट तिने परत कपाटाकडे नेले, कप्प्यात ठेवले, आणि मिटलेल्या कपाटाच्या दारासमोर उभी राहिली. बाहेर घंटा झाली. तिने दार उघडले. पाकीट घडी न उलगडता तिने ट्रेमध्ये सरळ पाण्यावर ठेवले आणि बोटांनी खाली दाबले; कागद मऊ झाला, अक्षरे सैल झाली, प्रथम तारीख गेली, मग गाव, आणि मग तिचे नाव पाण्यात निळे होऊन पसरत गेले.